वाहून गेलेलं बेट

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात ओत्सुची नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. दुपारचे बारा वाजले की गावभर उभारलेल्या भोंग्यांतून एका गाण्याची चाल वाजते. भोंगे खरं तर संकटाची सूचना द्यायला बसवलेले. चाल मात्र लहान मुलांच्या एका बाहुल्यांच्या मालिकेची आहे, आणि ती मालिका १९६९ मध्येच संपली. गावातल्या म्हाताऱ्यांना हे गाणं पाठ आहे, नातवंडांनाही आहे. पण गाणं ज्या मालिकेचं, ती आज बघायची म्हटली तर बघणार काय? तिचे एकूण भाग १२२४ आणि शिल्लक आहेत ८. एक भाग पंधरा मिनिटांचा. म्हणजे तीनशे सहा तासांच्या गोष्टीतले फक्त दोन तास हाताशी उरले.

मालिकेचं नाव ‘ह्योक्कोरी ह्योतानजिमा’. ह्योतान म्हणजे तुंबा, कमरेत बारीक आणि वर-खाली फुगलेला भोपळा. जिमा म्हणजे बेट. आणि ‘ह्योक्कोरी’ म्हणजे ध्यानीमनी नसताना टुणकन समोर येणं. आपली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत आली, ती जंगलातून. जपान्यांचा भोपळा समुद्रातून निघाला. तुंब्याच्या आकाराच्या या बेटावर संडे नावाच्या बाई शाळेतल्या पाच मुलांना सहलीला घेऊन येतात, तेवढ्यात ज्वालामुखी फुटतो, बेट मुळासकट सुटतं आणि लाटांवर तरंगत निघतं. ते कुठं चाललंय हे कुणालाच ठाऊक नाही. पाच वर्षं ते तसंच वाहत राहिलं.

एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर पहिला भाग ६ एप्रिल १९६४ ला दाखवला गेला आणि शेवटचा ४ एप्रिल १९६९ ला. वेळ संध्याकाळी पावणेसहाची. पोरं खेळून घरी येण्याची आणि स्वयंपाकघरात भात शिजण्याची ही वेळ. त्याच १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये तोक्योला ऑलिम्पिक भरलं, शिंकानसेन धावू लागली, घरोघरी टीव्ही आले. युद्धात जळून गेलेला देश वीस वर्षांच्या आत पुन्हा उभा राहत होता, आणि त्याच्या मुलांना मात्र रोज एका अशा बेटाची गोष्ट सांगितली जात होती ज्याला नांगर टाकायला जागा नव्हती.

याआधी त्याच वेळेला ‘चिरोरिन गाव आणि अक्रोडाचं झाड’ ही बाहुल्यांची मालिका १९५६ पासून चालू होती. भाज्या आणि फळांचं ते गाव. त्यातल्या पिको नावाच्या शेंगदाण्याला आवाज दिला होता कुरोयानागी तेत्सुको यांनी. म्हणजे आपल्या ‘तोत्तोचान’नं. मराठीत घरोघर पोचलेल्या त्या पुस्तकातली खिडकीशी उभी राहणारी मुलगी मोठी होऊन आधी शेंगदाणा झाली होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

चिरोरिन गाव गोड होतं. तुंब्याचं बेट तसं नव्हतं. ते लिहिलं इनोउए हिसाशी आणि यामामोतो मोरिहिसा या दोघांनी. दोघंही १९३४ सालचे, म्हणजे तिशीतले. इनोउए यांचे वडील लहानपणीच गेले आणि आईला सांभाळणं जमेना, म्हणून ते सेन्दाईच्या एका कॅथलिक अनाथाश्रमात वाढले. पुढे ते जपानचे फार मोठे नाटककार झाले. १९७२ मध्ये त्यांना नाओकी पुरस्कार मिळाला. त्यांची दुसरी ख्याती उशिरा लिहिण्याची. नाटकाचा पडदा वर जायची वेळ आली तरी संहिता पुरी नाही, असे प्रसंग त्यांच्या नावावर इतके जमा झाले की त्यांनी स्वतःलाच ‘संथलेखन-गृह’ अशा अर्थाचं टोपणनाव घेतलं. यामागाता प्रांतातल्या त्यांच्या जन्मगावी त्यांच्या ग्रंथसंग्रहाचं वाचनालय आहे, तेही याच नावानं. असा माणूस आठवड्याला पाच भागांची मालिका पाच वर्षं चालवत होता, हे वाचून मला त्या निर्मात्यांची दया येते.

बेटावर आईबाप नाहीत. मुलं आहेत, बाई आहेत आणि कुठून कुठून येऊन पडलेली मोठी माणसं आहेत. बडबड्या डॉन गाबाचो राष्ट्राध्यक्ष होऊन बसतो. तोराहिगे हा एके काळचा समुद्री चाचा आता दुकान थाटून आहे. काळा चष्मा लावलेला डँडी कमरेला पिस्तूल लावून फिरतो. वाटेत चाचे भेटतात, चेटकिणी भेटतात, भलभलती राज्यं लागतात. दर दोन-चार मिनिटांनी कुणीतरी गाऊ लागतं. संगीत उनो सेइचिरो यांचं. गाणी इतकी होती की ही टीव्हीवरची मोठी संगीतिकाच म्हणता येईल, फक्त नटांच्या जागी लाकूड आणि कापड.

बाहुल्या ‘हितोमि-झा’ या मंडळींच्या. आपण बाहुल्या म्हटलं की पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री डोळ्यांपुढे आणतो, वरून दोरीनं नाचवलेल्या. या तशा नव्हत्या. त्या काठ्यांवरच्या होत्या, खालून धरून चालवायच्या. कलाकार कॅमेऱ्याच्या चौकटीखाली दडून, हात डोक्यावर धरून उभे. काताओका आकिरा यांनी घडवलेले चेहरे साधे होते, पण मान जराशी कलली की गाबाचो खोटं बोलतोय हे पाच वर्षांच्या पोरालाही कळायचं. हाकासे, म्हणजे ‘प्रोफेसर’ हे टोपणनाव मिरवणाऱ्या चष्मिष्ट मुलाला आवाज होता नाकायामा चिनात्सु या किशोरवयीन मुलीचा. १९८० मध्ये ती जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेली. बेटाचा राष्ट्राध्यक्ष बाहुलीच राहिला, खरी खुर्ची प्रोफेसरला मिळाली.

आता हरवलेल्या १२१६ भागांचं काय झालं ते पाहू. ते जळले नाहीत, चोरीला गेले नाहीत, भूकंपात गाडले गेले नाहीत. पुसले गेले. त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रित होत. हे तंत्र अमेरिकेत १९५६ मध्ये आलं आणि दोनच वर्षांत एनएचकेनं ते घेतलं. फीत फार महाग, आणि तिचा मोठेपणा हाच की ती पुन्हा वापरता येते. सोमवारचा भाग दाखवून झाला की त्याच फितीवर पुढचा कुठला तरी कार्यक्रम. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर यात चूक दिसत नाही. टीव्हीचा कार्यक्रम म्हणजे त्यांच्या लेखी आकाशात सोडलेला पतंग. वर्तमानपत्राची रद्दी होते, मग लहान मुलांच्या सोमवारच्या बाहुल्या कपाटात कशाला ठेवायच्या? आणि पुन्हा दाखवायचं म्हणजे तेव्हा पुन्हा करायचं. घरी बसून जुना भाग बघेल असा प्रेक्षक अजून जन्मालाच यायचा होता. बीबीसीनंही तेच केलं, ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच गेले. आपल्याकडच्या सुरुवातीच्या टीव्हीबद्दलही ज्येष्ठ मंडळी हेच सांगतात.

त्यामुळे १९६९ च्या एप्रिलमध्ये बेट पडद्यावरून दिसेनासं झालं ते कायमचंच. ज्या पिढीनं ते पाहिलं होतं ती शाळेतून कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लग्नं झाली. चार जण जमले की कुणीतरी गाबाचोची नक्कल करायचं. यामामोतो १९७८ मध्ये वारले. गाबाचोचा आवाज फुजिमुरा आरिहिरो १९८२ मध्ये गेले. संहिताही सगळ्या एका ठिकाणी नव्हत्या. रोजच्या कामाचे कागद ते, काम झालं की संपले. पाच वर्षांची गोष्ट सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाकडे आहे का, असं विचारलं असतं तर वाहिनीनं नकारार्थी मान हलवली असती.

एका माणसाकडे ती होती.

इतो सातोरु यांचा जन्म १९५३ चा. मालिका सुरू झाली तेव्हा ते प्राथमिक शाळेत होते. बाकीच्या पोरांसारखेच तेही पावणेसहाला टीव्हीसमोर बसत, पण वही-पेन्सिल घेऊन. आज काय घडलं, कोण काय बोललं, गाणं कुठलं झालं हे ते लिहून ठेवत. उद्याचं उद्या. असं करत करत शाळा बदलली, इयत्ता बदलल्या, पण लिहिणं थांबलं नाही. मालिका संपली तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि वह्यांमध्ये सगळं बेट उतरलं होतं.

या कामाची कल्पना नीट यावी म्हणून वाचकांनी एकदा करून पाहावं. आज कुठलीही पंधरा मिनिटांची मालिका लावा, थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही, आणि संपल्यावर ती संवादांसकट लिहून काढा. मी करून पाहिलं. पाचव्या मिनिटाला माझी वाट चुकली होती. आपल्याला वाटतं की सगळं साठवता येतं म्हणून आपण जास्त जपतो. त्या मुलाला ठाऊक होतं की हे आत्ता गेलं की गेलं. मला वाटतं, म्हणूनच त्याचे कान इतके टवकारलेले होते. त्याला कुणी हे काम दिलं नव्हतं, आणि वाहिनी फिती पुसतेय हेही त्याला ठाऊक असायचं कारण नाही. आवडत्या गोष्टीचं पोरं जे करतात तेच तो करत होता. फक्त त्यानं ते मध्येच सोडलं नाही.

या वह्यांना १९९० च्या सुमारास चांगले दिवस आले. चिकुमा प्रकाशनाच्या पॉकेटबुक मालेत ‘ह्योक्कोरी ह्योतानजिमा’ची गोष्ट १३ खंडांत निघाली. १९९१ मध्ये एनएचकेच्या उपग्रह वाहिनीवर मालिका नव्यानं उभी राहिली. बाहुल्या चालवायला पुन्हा हितोमि-झा. तोराहिगेला आवाज द्यायला पुन्हा कुमाकुरा काझुओ, म्हणजे जे हयात होते ते आपापल्या जागी परत आले. गाबाचोची खुर्ची रिकामी होती. तिथं नागोया आकिरा बसले. आधी चाच्यांची गोष्ट घेतली, मग चेटकीण रिकाची. उरलेल्या संहिता आणि इतो यांच्या वह्या समोर ठेवून हे भाग रचले गेले. राष्ट्रीय वाहिनी आपलीच मालिका एका प्रेक्षकाच्या शाळकरी अक्षरातून परत मिळवत होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये स्टुडिओ जिबलीचा ‘ओमोहिदे पोरोपोरो’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक ताकाहाता इसाओ. सत्तावीस वर्षांची तोक्योची मुलगी सुट्टीत शेतावर जाते आणि वाटेत तिला १९६६ मधली पाचवीतली स्वतःच आठवत राहते. गाडीतून जाताना ती आणि सोबतचा तरुण शेतकरी बेटाबद्दल बोलू लागतात आणि दोघांची ओळख एकदम पक्की होते. एक शहरातली, एक खेड्यातला, पण पावणेसहाला दोघं एकाच जागी होते. ताकाहातांनी हे का निवडलं असेल हे सांगायला नको. त्या पिढीला एकमेकांची खूण पटवायला याहून सोपं काही नव्हतं.

पण नव्यानं केलेली मालिका म्हणजे जुनी सापडली असं म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. वहीत गोष्ट मावते, संवाद मावतात, गाण्याचे शब्द मावतात. मान कलल्यावरचा तो क्षण मावत नाही. संवादाआधी फुजिमुरांनी घेतलेला श्वास कुणी लिहून ठेवणार? शिवाय वही म्हणजे एका मुलाची निवड. त्याला जे महत्त्वाचं वाटलं ते आलं, जे कंटाळवाणं वाटलं ते दोन ओळींत गेलं असणार. तेव्हा १९९१ चे भाग हे मूळ बेट नव्हेत. मूळ बेट पाहिलेल्या माणसानं काढलेला त्याचा नकाशा म्हणा. उरलेले आठ भाग मला म्हणूनच मोलाचे वाटतात. नकाशा खरा आहे की नाही हे ताडून पाहायला तेवढाच किनारा आहे.

आणि एक गोष्ट तर ना वहीत होती, ना फितीवर. इनोउए यांनी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं की बेटावरची मुलं आणि त्यांच्या बाई पहिल्याच ज्वालामुखीच्या स्फोटात मेलेली आहेत. पुढचा सगळा प्रवास मेल्यानंतरचा. ते आणि यामामोतो, दोघांनाही लहानपणी आईबापांचा आधार मिळाला नव्हता. आईबापांशिवाय, मोठ्यांवर भिस्त न ठेवता जगणारी मुलं त्यांना दाखवायची होती, आणि तशी मुलं या जगात कशी दाखवणार, हा त्यांचा प्रश्न होता. हे वाचल्यावर जुन्या प्रेक्षकांनी डोक्याला हात लावला असेल. रोज वही भरणाऱ्या मुलानं १२२४ भाग टिपले, आणि त्यातली सगळ्यात मोठी बातमी लेखकांनी सांगितलीच नव्हती.

बेटानंतर एनएचकेवर बाहुल्यांच्या मालिकांची रांग लागली आणि पुसण्याची सवयही चालू राहिली. १९७३ ते १९७५ या काळात ‘शिन हाक्केन्देन’ चालली, ४६४ भागांची. बाकिन यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या महाकादंबरीवरून घेतलेली. बाहुल्या त्सुजिमुरा जुसाबुरो यांच्या, आणि निवेदक काळ्या कपड्यांतले साकामोतो क्यू. ज्यांचं ‘सुकियाकी’ १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेच साकामोतो. हिचेही मोजके भाग उरले. पण आता काळ कॅसेटचा होता. टीव्हीच्या भोंग्यापाशी टेपरेकॉर्डर ठेवून पोरांनी आवाज टिपून ठेवले. त्यात मागून घरातली भांडी वाजतात आणि कुणीतरी कुणाला तरी गप्प बसवतं. चित्र नसलेल्या बाहुल्यांच्या या गोष्टी चाहत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळल्या.

मग आली ‘प्रिन्प्रिन् मोनोगातारी’, १९७९ ते १९८२, ६५६ भाग. आपला देश शोधत हिंडणाऱ्या राजकन्येची गोष्ट. हिचेही सुरुवातीचे भाग वाहिनीकडे नव्हते. पण बाहुल्या घडवणारे तोमोनागा आकिमित्सु यांनी तेव्हा नव्यानं निघालेल्या घरगुती व्हिडिओ यंत्रावर ते मुद्रित करून ठेवले होते. आपल्या बाहुल्या पडद्यावर कशा दिसतात हे पाहायला कारागिराला आवडणारच, त्यात नवल ते काय. त्या घरगुती फितींतून मालिकेचे कितीतरी भाग वाहिनीकडे परत गेले. घरच्या फितीवरचं चित्र जरा पुसट असतं, रंग सांडलेले असतात. कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

एनएचके आता लोकांना जाहीर विनंती करते की घरात जुन्या फिती असतील तर कळवा. माळे झाडले जातात, वडील वारल्यावर कपाटं उघडली जातात. या शोधात टीव्हीवरच्या कलाकारांच्या घरांतून बरंच निघालं आहे. त्या काळी ही यंत्रं परवडायची ती बहुधा अशाच घरांना.

ओत्सुचीच्या खाडीत होराइजिमा नावाचं एवढंसं बेट आहे. त्यावर देऊळ आहे आणि दिवा दाखवणारा मनोरा. लोक म्हणतात, तुंब्याच्या बेटाची कल्पना इथूनच आली. सेतोच्या समुद्रातलं एक बेटही तोच मान सांगतं. आपल्याकडे पांडवांच्या लेण्यांचं असतं तसं हे, दावेदार अनेक. पण ओत्सुचीच्या बाजूनं एक गोष्ट नक्की आहे: इनोउए यांच्या १९८१ च्या ‘किरिकिरिजिन’ या कादंबरीतल्या गावाचं नाव आणि ओत्सुचीतल्या एका वस्तीचं नाव एकच आहे, किरिकिरी. इनोउए एप्रिल २०१० मध्ये गेले. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत या छोट्या गावातली बाराशेहून अधिक माणसं गेली, होराइजिमावरचा मनोरा मोडून पडला. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात नवा मनोरा उभा राहिला. बारा वाजताची चालही परत आली.

राहता राहिले ते १२१६ भाग. १९६५ मध्ये सोनीनं घरी वापरायचं व्हिडिओ यंत्र विकायला काढलं होतं. किंमत १,९८,००० येन, म्हणजे नव्यानं नोकरीला लागलेल्या पदवीधराचा पाऊण वर्षाचा पगार. चित्र काळं-पांढरं, फीत रिळावर हातानं चढवायची. फार खपलं असेल असं नाही. पण कुणीतरी घेतलं होतं, आणि ज्यानं घेतलं त्याच्या घरात त्या वर्षी आठ-दहा वर्षांचं पोर असेल, तर संध्याकाळी पावणेसहाला त्यानं बापाकडे काय हट्ट धरला असेल?